काचेतल्या काकू

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात बिनकुलपाच्या किल्ल्या जमतात, तसे ते जमतात. कशाला लागतील ते सांगता येत नाही आणि फेकून द्यायचा धीर होत नाही. माझ्याजवळचे बरेचसे चांद्याचे आहेत. आज ज्याला चंद्रपूर म्हणतात ते तेव्हा चांदाच होतं. सन पन्नासच्या पुढची ती दोन-चार वर्षं. आणि गंमत अशी, की त्यातल्या जवळजवळ प्रत्येक किश्शात कुठे ना कुठे एक गोगलगाय आहे.

आधीच सांगून टाकतो, माझ्या सांगण्यावर फार विसंबू नका. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालो, पुढे डॉक्टरेटही मिळाली, पण एखाद्या गोष्टीची पक्की खात्री वाटायला लागली की मला स्वतःचाच संशय येतो. त्यामुळे "असं झालं" असं मी म्हणेन तिथे "बहुधा असं झालं" असं वाचावं.

चांद्याच्या एका हायस्कुलात मला सायन्स-मास्तरची नोकरी लागली. लग्न नुकतंच झालं होतं. विमल साताऱ्याची. निघताना तिच्या वडिलांनी आम्हा दोघांच्या देखत तिला सांगितलं होतं, "वर्षभर बघ. नाही रमलीस, तर उन्हाळ्यात मी स्वतः येतो आणि तुला घेऊन जातो. जावईबापूंची बदली झाली की मग पुन्हा बघू."

मी मान डोलावली. घाबरलो की मी मान डोलावतो.

आणि ती रमेना. जटपुरा दरवाज्याच्या आत एका गल्लीत आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. गल्लीतलं बोलणं तिला समजत नव्हतं, तिचं गल्लीला समजत नव्हतं. मी दिवसभर शाळेत, संध्याकाळी पुस्तकात. पहिल्या महिन्यात ती दोनच माणसांशी बोलत असे, एक दूधवाला आणि एक मी. दोघांत दूधवाला जास्त बोलका होता!

मग एकदा वर्गात दाखवायला म्हणून मी रामाळा तलावातून गोगलगायी आणल्या. पाण्यातल्या, मोठ्या, पेरूएवढ्या. रात्रीपुरत्या बादलीत ठेवल्या. सकाळी विमल बादलीपाशी उकिडवी बसली होती.

"अहो, यांना खायला काय घालायचं?"

लग्न झाल्यापासून तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. वर्गात त्या दिवशी मी फळ्यावर चित्र काढून भागवलं.

* * *

बादलीत त्या दिसायच्या नाहीत, म्हणून काचेची पेटी करायचं ठरलं. चांद्यात तेव्हा असली वस्तू मिळणं शक्यच नव्हतं. बाजारात रहीमभाई होते. तसबिरींना फ्रेमा करून द्यायचे. अर्ध्या गावाचे देव आणि पूर्वज त्यांच्या हाताखालून गेलेले. मी त्यांना मापं सांगितली.

"फोटो कोनता हाय जी?"

"फोटो नाही. पाणी आहे."

"पानी?"

"पाणी. आणि त्यात गोगलगायी."

रहीमभाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. "गुरुजी, तबेत तं बरी हाय ना?"

पण पेटी केली त्यांनी. चार बाजूंना काच, तळाला आणि कोपऱ्यांना पत्रा, सांध्यांत पुट्टी. पहिल्या दिवशी एका कोपऱ्यातून गळली आणि सहामाहीचे पेपर भिजले. रहीमभाई आले, तो कोपरा बुजवला. मग दुसरा गळायला लागला. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाली की ते आमच्याकडे येत, चारी सांध्यांवरून बोट फिरवत, चहा घेत आणि जात.

पुढे गळायचं थांबलं. तरी शुक्रवार चुकला नाही. शेवटी मला राहवेना. माझ्यामुळे त्यांचा वेळ फुकट जातोय असं मला वाटायला लागलं.

"रहीमभाई, आता गळत नाही हो."

"मालूम हाय."

"मग?"

ते काचेकडेच बघत होते. आत एक गोगलगाय काचेवर चढत होती. "जिंदगीभर फ्रेमा केल्या, गुरुजी. आतलं कोनी हललं नव्हतं आजवर!"

* * *

विमलनं गोगलगायींना नावं ठेवली. साताऱ्याच्या घरातली. एक थोरल्या मावशी, एक वन्सं, एक ठमाकाकी. सगळ्यात मोठी, तपकिरी रंगाची, सगळ्यांच्या आधी पानावर तुटून पडणारी, ती काकू.

शेजारी गंगाबाई राहायच्या. वयानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. त्यांची आणि आमची भिंत एकच, आणि ती भिंत म्हणजे कुडाचीच. एके दुपारी मी शाळेतून येतो तो गंगाबाई आमच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"गुरुजी, तुम्ही शिकले-सवरले मानूस. घरात काय चालून राह्यलं ते तुमाले दिसत नाई का जी?"

"काय झालं?"

"काय झालं म्हनता? चार दिसांपासून आयकून राह्यली मी. 'काकू, किती खाता! काकू, पुरे आता! दुसऱ्याचं ताट सोडा!' म्हाताऱ्या मानसाले कोनी असं बोलते? आन् तुमच्या काकू कवा आल्या, आमाले दिसल्याबी नाईत. कोंडून ठेवलं का तिले?"

विमल आतून बाहेर आली. गंगाबाईंचं अर्धं बोलणं तिला कळलं नव्हतं, पण हातवारे कळले होते. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, मी घाबरून तिच्याकडे.

"मले भेटू द्या काकूले," गंगाबाई म्हणाल्या आणि सरळ आत शिरल्या.

विमलनं त्यांना पेटीपुढे नेलं. बोट दाखवलं. "या काकू."

गंगाबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू पालकाचं पान अर्ध्यापर्यंत संपवून वन्संच्या पानाकडे निघाल्या होत्या. गंगाबाईंनी वाकून ते दुसरं पानही बघून घेतलं. मग विमलकडे वळल्या.

"तरी पन बाई," त्या म्हणाल्या, "खानाऱ्याले टोकू नये!"

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या दारात भाजीचा पाला यायला लागला. काकूंसाठी.

* * *

या गोगलगायी पाण्यात राहतात, पण मधूनमधून हवा घ्यायला वर येतात. तेव्हा अंगाच्या डाव्या बाजूची कातडी गुंडाळून त्या तिची एक नळी करतात आणि ती पाण्याबाहेर काढतात. मी एम.एस्सी.ला यावर एक पूर्ण उत्तर लिहिलेलं आहे.

गंगाबाईंनी एका मंगळवारी ती नळी पाहिली.

"अवो बाई! हिले सोंड हाय!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पाच-सहा बायका येऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी जास्वंद आली, दूर्वा आल्या. मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, हे श्वसनाचं इंद्रिय आहे, हिला कल्लाही असतो आणि फुप्फुसासारखी पिशवीही असते. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन्ही हायेत?" एकीनं विचारलं.

"दोन्ही."

"मंग मानसापेक्षा मोठीच झाली ना जी!"

आणि काकूंनी जास्वंदीची पाकळी खाल्ली! सगळ्यांच्या देखत, कडेकडेनं, सावकाश. बायकांनी हात जोडले. मी विमलकडे पाहिलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. रडते आहे की काय, अशी मला भीती वाटली. हसत होती. चांद्यात ती हसलेली मी तोवर पाहिली नव्हती, त्यामुळे ओळखू आलं नाही.

* * *

शाळेचा शिपाई दशरथ गोंडपिपरीकडचा. अतिशय प्रेमळ माणूस. त्याच्या भागात पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून या गोगलगायी गोळा करतात आणि त्यांचं कालवण करतात. गुरुजी घरात गोगलगायी पोसतात हे ऐकल्यापासून तो मला अधूनमधून विचारायचा, "झाल्या का जी मोठ्या?" मी म्हणायचो, "होतायत." मला वाटायचं, याला विज्ञानाची आवड आहे.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं आम्हाला गावी बोलावलं. बैलगाडीनं गेलो. घर सारवलेलं, अंगणात रांगोळी, आम्हाला बसायला नवी चटई. आमच्यासाठी भात-वरण वेगळं शिजवलं होतं, हे मुद्दाम सांगितलं. आणि निघताना दशरथच्या बायकोनं विमलच्या पुढ्यात एक टोपली आणून ठेवली. वर पळसाची पानं. पानांखाली वळवळ!

दशरथ हात चोळत म्हणाला, "गुरुजी, तुमाले वाढवाले लय दिस लागून राह्यले. ह्या तयार हायेत. घ्या. बाईले रांधाचं कसं ते हिनं सांगते."

'आम्ही खात नाही' म्हणावं तर त्या बाईनं दोन दिवस चिखलात वाकून गोळा केलेल्या. 'घेतो' म्हणावं तर शेजारी विमल. मला दोन्ही वाक्यं एकदम सुचली आणि एकही बोलता येईना.

विमलनं टोपली उचलून मांडीवर घेतली. दशरथच्या बायकोच्या हाताला हात लावला. रांधायची सगळी कृती तिनं नीट ऐकून घेतली, मिरची किती तेसुद्धा विचारलं. परतताना रामाळा तलावापाशी गाडी थांबवायला सांगितली आणि काठावर बसून एकेक गोगलगाय पाण्यात सोडली.

सुट्टी संपल्यावर दशरथ घरी आला. मी दाराआड झालो. त्यानं विमललाच विचारलं, "बाई, कशा निंगाल्या जी?"

"दशरथभाऊ," विमल म्हणाली, "इतक्या ताज्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या!"

ती खोटं बोलत नाही.

* * *

शाळेत तपासणी आली. हेडमास्तरांना काही तरी आधुनिक दाखवायचं होतं. आमच्या प्रयोगशाळेत एक भिंग आणि एक कुलूपबंद कपाट होतं, आणि कपाटाची किल्ली माझ्या आधीच्या मास्तरांबरोबर बदलून गेली होती. तेव्हा पेटी शाळेत न्यायचं ठरलं. दशरथ आणि मी ती हातगाडीवर ठेवून नेली. रहीमभाई बाजूनं चालत होते आणि प्रत्येक खड्ड्याला "या अल्ला!" म्हणत होते.

इन्स्पेक्टर साहेब जाडजूड, घामेजलेले, सकाळपासून तीन शाळा बघून आलेले. मी त्यांना खुर्ची दिली आणि गोगलगायीवर बोलायला लागलो. हादऱ्यांनी घाबरून सगळ्या कवचात शिरल्या होत्या. पेटीत नुसते दगड पडल्यासारखे दिसत होते.

"हे काय करतात?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता... काही करत नाहीयेत, सर."

"मग केव्हा करतात?"

"नक्की सांगता येणार नाही, सर."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, "बसतो." आणि बसले. पंखा नव्हताच. बऱ्याच वेळानं काकूंनी शिंगं बाहेर काढली, इकडेतिकडे पाहिलं, आणि काचेच्या कडेनं चालायला लागल्या. साहेब पुढे वाकून बघत राहिले. ते दुसऱ्या कुठल्याच वर्गात गेले नाहीत. घंटा झाली तेव्हा उठले.

"मास्तर," ते म्हणाले, "या जिल्ह्यात आल्यापासून माझ्यासमोर येऊन काहीही न मागणारं हे पहिलंच कोणी भेटलं!"

* * *

इथवर सगळं बरं चाललं होतं. विमल आता बाजारात एकटी जायची, गंगाबाईंशी तासतास बोलायची. तरी वर्षाचं काय, हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत नव्हतो. ती विचारत नव्हती कारण तिचं ठरलं नसावं. मी विचारत नव्हतो कारण तिचं ठरलं असेल अशी मला भीती होती.

चांद्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून पटणार नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला एका मुंजीसाठी आम्ही नागपूरला गेलो. आठवडाभर घर बंद. परत आलो तर पेटीतली पुट्टी उन्हानं वितळून ओघळली होती. पाणी गेलं होतं. तळाचा चिखल सुकून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगांत काकू, वन्सं, मावशी, ठमाकाकी, सगळ्या आपापलं झाकण घट्ट लावून पडलेल्या.

विमलनं हंबरडा फोडला. "काकू गेल्या!"

मी धावत बाजारात गेलो. रहीमभाई मुलीकडे सिरोंचाला गेले होते, दुकान बंद. हात हलवत परत आलो, तर घरात पंधरा-वीस बायका बसलेल्या! मधोमध विमल, तिच्या पाठीवर गंगाबाईंचा हात. कोपऱ्यात झाकलेलं पिठलं आणि भाकरी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून येतं, तसं.

"कोन गेलं वो?" नव्यानं आलेल्या एकीनं विचारलं.

"काकू," गंगाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "या घरची मोठी बाई."

मी घसा साफ केला. मला खरी गोष्ट माहीत होती, निदान वाचलेली होती. उन्हाळ्यात तळं आटलं की या गोगलगायी चिखलात शिरतात, झाकण लावून घेतात आणि महिनोन् महिने तशाच राहतात. पुन्हा पाणी आलं की उघडतात.

"त्या गेलेल्या नाहीत," मी म्हणालो. "त्या झोपल्या आहेत."

एक म्हातारी हळूच दुसरीला म्हणाली, "बिच्चारे गुरुजी! पयल्या दिशी सगळ्याइले असंच वाटते."

* * *

बायका गेल्यावर विमलनं विचारलं, "नक्की झोपल्यात?"

"ग्रंथात तसं दिलंय."

"म्हणजे नक्की नाही."

"वास येत नाही, हे चांगलं लक्षण आहे. झाकण घट्ट आहे, हेही चांगलं. अर्थात या उन्हात जी वाळूनच गेली असेल, तिला वास तरी कुठून..."

"मग पाण्यात घालून बघू."

"नको!" मी इतक्या जोरात म्हणालो की मीच दचकलो. "भर उन्हाळ्यात उठवणं बरं नाही. जूनमध्ये बघू."

कारण शास्त्रीय वाटत होतं, पण शास्त्रीय नव्हतं. पाण्यात घातल्या आणि उघडल्या नाहीत, तर? तोवर निदान झोपलेल्या तरी होत्या.

"तुमचं सगळं असंच," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं म्हणाली. आणि त्यानंतर पुन्हा बोलेनाशी झाली. अगदी पहिल्या महिन्यासारखी.

त्याच आठवड्यात बाबा आले, तिचे वडील. कोर्टातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे, सज्जन. रागावलेले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझी तब्येत विचारली, शाळेची चौकशी केली, सुकलेल्या चिखलाच्या पेटीकडे एकदा पाहिलं आणि चहा झाल्यावर विचारलं, "काय विमल? ठरलं का?"

"ठरलं," ती म्हणाली. "येते मी."

मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. म्हणालो, "ट्रंकेचं कुलूप नीट लागत नाही. दोरी बांधू का?"

जाताना तिनं चिखलातून काकू तेवढ्या उकरून काढल्या, रुमालात गुंडाळल्या. "बाकीच्या तुमच्यापाशी राहू देत. निजू देत जूनपर्यंत." गंगाबाई टांग्यापर्यंत आल्या. डोळे सुजलेले. त्यांनी पालकाची जुडी ओल्या फडक्यात बांधून विमलच्या मांडीवर ठेवली. "रस्त्यात तिले भूक लागली तं!"

स्टेशनवर मी हमालाशी, गार्डाशी, सगळ्यांशी बोललो. बाबा आपला फिरकीचा तांब्या नळावर भरून घेत होते. प्रवासात ते त्या तांब्याखेरीज कशातलंही पाणी तोंडाला लावत नसत. साताऱ्याहून येताना दोन दिवस त्यावरच आले होते, आणि आता वर्ध्याला गाडी बदलून तसेच परत जायचे होते, मे महिन्यात. त्यांनी झाकण फिरवून घट्ट केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका हो." मी मान डोलावली. गाडी सुटली. विमल खिडकीत होती, पण तिचं लक्ष मांडीवरच्या रुमालाकडे होतं.

घरी आलो. उरलेल्या सगळ्यांना घमेल्यात काढलं आणि पाण्याची कळशी घेऊन समोर बसलो. कळशी तिरपी करायचो, पाणी काठापर्यंत यायचं, आणि मी ती पुन्हा सरळ करायचो. दुसऱ्या दिवशीही तेच. गंगाबाई दारातून म्हणाल्या, "गुरुजी, पानी टाकून राह्यले का नवस बोलून राह्यले?"

दुपार कलत होती. बाहेर टांगा थांबला. मला वाटलं रहीमभाई आले असतील.

दारात विमल उभी होती. एकटीच. केस विस्कटलेले, चेहरा धुळीनं माखलेला, टांगेवाला मागून ट्रंक उतरवत होता. तिच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेला, बाबांचा फिरकीचा तांब्या. झाकण नव्हतं. वर ओला रुमाल बांधला होता.

मी उठलो. कळशी तशीच हातात.

"बाबा?"

"वर्ध्याहून पुढे गेले."

"आणि तांब्या?"

तिनं रुमालाची गाठ सोडली. तांब्याच्या काठावरून आधी एक शिंग आलं, मग दुसरं. मग काकूंनी पितळेच्या त्या गळ्याला पाय लावला आणि चांद्याच्या उन्हाकडे बघत सावकाश बाहेर यायला लागल्या.

"अगं पण, दोन दिवसांचा प्रवास, या उन्हात ते पाणी कशानं..."

"मी म्हटलं त्यांना," विमल म्हणाली. "तर म्हणाले, तू उतर. मी ओंजळीनं पितो."